सुरमईवर चीजचे पांघरूण: धरमपेठेतील दोन जेवणांचा अभिप्राय

नागपुरातल्या धरमपेठेत गेल्या वर्षी सुरू झालेल्या एका उपाहारगृहाच्या खाद्यपत्रिकेत चीज आणि मासळी यांच्या पदार्थांसाठी एक अख्खे पान राखून ठेवले आहे. त्या पानावर नऊ पदार्थ असून त्यांपैकी सहा मी दोन भेटींत चाखले आहेत. उपाहारगृहाचे नाव येथे देत नाही, कारण पुढे लिहिलेले सगळेच मालकांना रुचेल असे नाही. शिवाय असे पान आता शहरातल्या इतरही खाद्यपत्रिकांत दिसू लागले आहे, त्यामुळे हा अभिप्राय एका दुकानापेक्षा त्या पानाविषयी आहे असे समजण्यास हरकत नाही.

पहिली भेट जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, आषाढ संपण्यापूर्वी झाली आणि दुसरी दिवाळीनंतर, नोव्हेंबरात. दोन्ही वेळी सोबत पत्नी होती, जिचे माहेर मालवणचे, आणि आत्या होती, जिचे सारे बालपण पवनीला वैनगंगेच्या काठी गेले. मासळीच्या बाबतीत या दोघींचे आजवर कोणत्याही प्रश्नावर एकमत झालेले नाही. एकीच्या लेखी मासा म्हणजे समुद्राचा, बाकी सगळी तडजोड. दुसरीच्या लेखी समुद्राचा मासा म्हणजे बर्फाचा मासा. आमच्यासारख्या समुद्रापासून आठशे किलोमीटर दूर राहणाऱ्या माणसाने या वादात गप्प बसलेलेच बरे असते, परंतु बिल देणारा मी असल्यामुळे मत मांडण्याचा अधिकार मला आहे असे मी मानतो.

खाद्यपत्रिका उघडताच आत्याने पहिली हरकत घेतली ती धर्मशास्त्राच्या सुरात. 'दूध अन् मासोळी एका जागी खाल्ली का कोड फुटते,' हे ती आम्हांला लहानपणापासून ऐकवत आली आहे. या समजुतीचे मूळ जुने आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात विरुद्ध आहाराची जी उदाहरणे दिली आहेत, त्यांत मासे आणि दूध ही जोडी ठळकपणे येते. दोन्ही मधुर असली तरी दूध शीत आणि मासा उष्ण, म्हणून दोघांची वीर्ये, म्हणजे अंगची शीत-उष्ण शक्ती, एकमेकांच्या विरोधात जातात, असे कारण तेथे दिले आहे. कोड मात्र शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा त्वचेतील रंगपेशींवर उलटल्यामुळे होते. त्याचा ताटातल्या माशाशी संबंध असल्याचा पुरावा नाही. तसा संबंध असता तर दह्यात शिजवलेला मासा आवडीने खाणारा बंगाल एव्हाना अर्धा पांढरा झाला असता. आत्याला हे पटले नाही. तिने 'तुमी खा, मी पाहातो' असे सांगून पाण्याचा पेला पुढे ओढला. नंतर तिने सगळ्यांत जास्त खाल्ले, हा भाग निराळा.

आम्ही प्रथम मागवली ती पानावरची सर्वांत महाग वस्तू, म्हणजे चीज घालून भट्टीत भाजलेली सुरमई. तिची किंमत 745 रुपये आहे. मागवण्यापूर्वी पत्नीने वाढप्याला विचारले की सुरमई कुठली, आणि त्याने न अडखळता उत्तर दिले की रत्नागिरीची, कालच आलेली. हे उत्तर ऐकून ती माझ्याकडे पाहून हसली. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै हे एकसष्ट दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रत्नागिरीची कालची सुरमई धरमपेठेत यायची, तर ती एखाद्या होडीवाल्याने केवळ आमच्यासाठी उधाणलेल्या समुद्रात शिरून आणलेली असायला हवी. पूर्व किनाऱ्याची बंदी 14 जूनला संपते, तेव्हा मासा तिकडचा असता तरी काही बिघडत नव्हते. मग तसे सांगायला हवे होते. पत्नीने दुसरा प्रश्न विचारला: हीच सुरमई चीजशिवाय, रवा लावून तव्यावर भाजून मिळेल का? वाढपी आत जाऊन आला आणि म्हणाला, 'मॅडम, या पानावरची सुरमई फ्रायमध्ये नाही देता येत.' या वाक्याकडे मी त्या वेळी पुरेसे लक्ष दिले नाही.

भांडे लंबगोल, पांढऱ्या चिनी मातीचे, आणि दिसायला देखणे होते. वरचा थर सोनेरी, जागोजागी तपकिरी फोड आलेला, कडेला किंचित करपलेला. चमचा टेकवताच तो थर कुरकुरला, चमच्याखाली वाकला आणि फुटला. फुटलेल्या जागेतून आधी वाफ आली आणि वाफेमागोमाग तो वास आला, जो मंगळवारी नावाच्या बाजारात संध्याकाळी सातनंतर मासळीच्या ओट्यांजवळून जाताना येतो. चमचा तळाशी नेला तर पांढरा सॉस एका बाजूला आणि दुधट पाणी दुसऱ्या बाजूला झालेले दिसले. तुकड्याचे पदर सुटे होण्याऐवजी त्याचा भुगा होत होता. सॉस कच्चा नव्हता, जायफळाचे प्रमाण बरोबर होते, चीजही हलके नव्हते; आचाऱ्याच्या हाताला नावे ठेवण्यासारखे त्यात काही नव्हते. बिघाड त्या भांड्यात शिरण्यापूर्वीच माशात झालेला होता.

हे असे का होते, हे समजून घेतले तर चीज आणि मासळी यांचा निम्मा वाद मिटतो. समुद्राच्या माशाच्या मांसात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचे एक द्रव्य असते, ज्याला स्वतःला वास नसतो. मासा मेल्यानंतर जिवाणू त्याचे ट्रायमिथाइलअमाइन बनवतात आणि आपण ज्याला 'माशाचा वास' म्हणतो तो मुख्यतः याचा असतो. याचाच अर्थ, तो वास माशाचा नसून माशाच्या वयाचा असतो. या द्रव्यावर आंबटाचा उतारा चालतो, कारण आम्लाशी संयोग झाला की त्याचा क्षार बनतो आणि तो हवेत उडत नाही. मालवणी कालवणातले कोकम, आपल्याकडची चिंच, ताटातली लिंबाची फोड ही सगळी केवळ चवीसाठी नसून या कामावर नेमलेली माणसे आहेत. दूध, लोणी आणि मैदा यांच्या पांढऱ्या सॉसमध्ये आंबटपणा जवळजवळ नसतोच. त्यामुळे त्याने वास मरत नाही. वरच्या चीजच्या थराखाली तो कोंडला जातो आणि थर फुटताच एकदम बाहेर पडतो. पाणी सुटण्याचे कारणही तितकेच साधे आहे. मासा सावकाश गोठवला की त्याच्या पेशींत बर्फाचे मोठे स्फटिक तयार होतात, ते पेशी फाडतात आणि विरघळताना मासा आपला रस सोडून देतो. तव्यावर तो रस तडतडून उडून जाईल आणि तुकड्याची अवस्था सगळ्यांना दिसेल. चीजच्या थराखाली मात्र ती भांडे पुढ्यात येईपर्यंत दिसत नाही. ती सुरमई फ्रायमध्ये का देता येत नव्हती, हे मला भुगा उचलताना कळले.

नोव्हेंबरात आम्ही मुद्दाम तीच सुरमई पुन्हा मागवली. या वेळी तव्यावर भाजून मिळेल का असे विचारल्यावर वाढपी आत न जाताच 'हो' म्हणाला, म्हणून दोन्ही मागवल्या. बंदी उठून तीन महिने झाले होते आणि 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आता पूर्ण खुला असल्याने बर्फाच्या पेटीत एका रात्रीत माल येणे अशक्य राहिलेले नाही. चीजखालचा तुकडा या वेळी जाड पदरांनी सुटला, तळाशी पाणी नव्हते, वास नव्हता. आचारी तोच, सॉस तोच, चीजही तेच. फरक फक्त माशाचा. पदार्थ चांगला होता हे मी मोकळेपणाने लिहितो. पण 460 रुपयांची तव्यावरची सुरमई त्याहून चांगली होती, आणि यातच या पदार्थाची अडचण आहे: मासा शिळा असेल तर चीज त्याला वाचवत नाही आणि ताजा असेल तर त्याला चीजची गरज नसते. जाड पांघरूण म्हणून घातलेल्या चीजला दोन्हीकडे काम उरत नाही.

मासळीवर चीज घालूच नये, असे इटलीत सांगतात हे अनेकांनी ऐकलेले असते. शिंपल्यांच्या पास्त्यावर किसलेले चीज मागणाऱ्या पाहुण्याकडे तिथला वाढपी दयेने पाहतो, असे म्हणतात. माशाची चव नाजूक आणि मुरलेले चीज दांडगे, म्हणून हा नियम. पण तो नियम मोडणारे पदार्थ इटलीतच कमी नाहीत. बारी शहरात तांदूळ, बटाटे आणि शिंपले यांचे थर लावून जो पदार्थ भाजतात त्यात पेकोरिनो हे मेंढीच्या दुधाचे चीज पडते. रोममध्ये भोपळ्याच्या वर्गातल्या फुलांमध्ये मोझरेला आणि अँकोव्ही ही खारवलेली इवली मासळी भरून ती तळतात. अँकोव्ही आणि मोझरेला घातलेल्या पिझ्झ्याला तर नेपल्सचे लोक 'रोमचा' म्हणतात आणि रोमचे लोक 'नेपल्सचा' म्हणतात. आपल्या घरी असे काही होत नाही, असे दोघांनाही दाखवायचे असावे. ग्रीसमध्ये कोळंबी टोमॅटोच्या रसात शिजवून वर फेटा चीज कुस्करतात, आणि पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जन्मलेला, चीज घालून भाजलेला लॉबस्टर थर्मिडोर आजही मोठ्या हॉटेलांत मिरवतो.

जिभेचे शास्त्रही या जोडीच्या विरोधात नाही. 1908 मध्ये जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी कोम्बू या समुद्रशेवाळातून ग्लुटामेट वेगळे काढले आणि त्याच्या रुचकर चवीला 'उमामी' हे नाव दिले. पाच वर्षांनी शिंतारो कोदामा यांनी सुकवलेल्या बोनिटो माशात इनोसिनेट शोधले. ही दोन द्रव्ये एकत्र आली की त्यांच्या चवीची बेरीज होत नाही, ती कितीतरी पटींनी वाढते. मुरलेल्या पार्मेजान चीजमध्ये ग्लुटामेट भरपूर असते आणि माशात इनोसिनेट असते, तेव्हा कागदावर तरी हे लग्न उत्तम जमायला हवे. अट एवढीच की चीज किसणीच्या टोकाने यावे, खोऱ्याने नव्हे.

खोऱ्याने येण्याचे उदाहरण म्हणजे 575 रुपयांचे चीज गार्लिक प्रॉन्स. आमच्याकडचे झिंगे किनाऱ्यावर गेले की कोळंबी होतात आणि खाद्यपत्रिकेत शिरले की प्रॉन्स होतात. प्रत्येक नावाबरोबर भाव वाढतो. सहा नग होते, आकाराने चांगले. कोळंबीला ग्लायसीनमुळे अंगचा गोडवा असतो आणि ती शिजायला दोन-तीन मिनिटे पुरतात. मोझरेला वितळून त्यावर डाग पडायला मात्र चढी आच आणि अधिक वेळ लागतो. आचाऱ्याने चीजची वेळ पाळली आणि कोळंबीची चुकवली, त्यामुळे प्रत्येक नग शेपटी डोक्याला लावून घट्ट मिटलेला होता. वर हातभर ताणल्या जाणाऱ्या तारा आणि आत चावता न येणारा गोळा, अशी ती दोन रबरांची कुस्ती होती. शेजारच्या टेबलावरची मुले तारा ओढतानाचे व्हिडिओ काढत होती आणि बहुधा हा पदार्थ त्यासाठीच बनवलेला असावा. आत्याने एक नग उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, 'काऊन रे बाबू, याच्यात झिंग्याची चव कुठी हाय?' मला उत्तर देता आले नाही.

पापलेटमध्ये चीज भरून तंदूरमध्ये भाजण्याचा जो प्रकार आहे, त्याविषयी विस्ताराने लिहीत नाही. पत्नीने तो पाहिला आणि त्या संध्याकाळी ती काही काळ बोलली नाही.

आता जे जमले त्याविषयी. टूना घातलेले चीजचे गरम सँडविच 320 रुपयांना मिळते आणि ते दोन्ही भेटींत सारखेच चांगले निघाले. डब्यातला टूना ताजेपणाचा आव आणत नाही. तो कोरडा आणि चवीला ठसठशीत असतो, आणि त्याला स्निग्धतेची खरोखरच गरज असते. येथे प्रक्रिया केलेले साधे चीज वापरले आहे आणि तेच योग्य आहे, कारण त्यातील क्षारांमुळे ते तूप न सोडता एकसंध वितळते. एका कापाहून जास्त ते घातलेले नाही. मॅकडोनल्ड्सच्या माशाच्या बर्गरची गोष्ट येथे आठवते. 1962 मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात लू ग्रोन या दुकानचालकाने तो सुरू केला, कारण त्याच्या भागातले कॅथलिक गिऱ्हाईक शुक्रवारी मांस खात नसे आणि त्या दिवशी गल्ला रिकामा राही. त्या बर्गरमध्ये आजही चीजचा अर्धाच काप घालतात. लोक याला कंजूषपणा म्हणून हसतात, पण माशावर चीज किती घालावे याचे तेवढे चोख माप मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

अँकोव्हीचा पिझ्झा 490 रुपयांना आहे. मिठात मुरवलेल्या या इवल्या माशांची खारट, उग्र चव मोझरेलाच्या दुधाळ फिकेपणावर उठून दिसते आणि टोमॅटोचा आंबटपणा दोघांना आवरतो. वाढप्याने 'मॅडम, फार स्ट्राँग आहे' असे दोनदा बजावल्यामुळे पत्नी सावध झाली होती. आत्याने मात्र पहिल्याच घासाला निकाल दिला: 'हे तं आपल्या सुक्या मासोळीवानी लागते!' आणि ते अगदी बरोबर आहे. ज्याला भाकरीबरोबर भाजलेली सुकी मासळी आवडते त्याने या पिझ्झ्याला घाबरण्याचे कारण नाही. तिने तीन तुकडे खाल्ले आणि कोडाचा विषय पुन्हा काढला नाही.

या पानावरचा सर्वांत चांगला पदार्थ सर्वांत शेवटी छापलेला आहे आणि त्याची किंमत 380 रुपये आहे: सावजी झिंगा चीज कुलचा. नाव वाचून मी तो पहिल्या भेटीत टाळला होता. सावजी रस्सा ही नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाची देणगी आणि त्यात कोणी चीज मिसळावे हे मला पटण्यासारखे नव्हते. नोव्हेंबरात वाढप्याच्या आग्रहाखातर तो मागवला. लहान झिंगे काळ्या मसाल्यात कोरडे परतून, त्यात अगदी चिमूटभर किसलेले चीज मिसळून ते कुलच्यात भरतात, आणि शेजारी वाटीत तर्रीचा रस्सा देतात. पहिल्या घासाला सावजीचा जाळ नेहमीसारखा टाळूला लागतो, कपाळावर घाम येऊ लागतो, आणि नेमक्या त्या क्षणी चीज आपले काम करते. मिरचीतले कॅप्सेसिन स्निग्धात विरघळते आणि दुधातले केसिन त्याला जिभेवरून उचलून नेते. जाळ राहतो, पण त्याची धार थोडी बोथट होते आणि मागून लवंग, दगडफूल, खसखस एकेक करून ओळखू येतात. झिंगे लहान असल्याने मसाल्यातच शिजतात, त्यांना भट्टीत पुन्हा भाजून काढलेले नसते. चीज खेचले तर तार येत नाही, ते आहे हे डोळ्यांना कळतही नाही. झिंगे कुठले असे विचारल्यावर या वेळी उत्तर आले, 'भंडाऱ्याकडचे, सर,' आणि आत्याने एक दाताखाली धरून ते मान्य केले. तिचे म्हणणे एवढेच की रस्सा आणखी वाढावा आणि चीज आणखी कमी करावे. पहिल्या मागणीशी मी सहमत आहे, दुसरीशी नाही.

बाकी व्यवस्थेविषयी थोडक्यात. बसायची जागा स्वच्छ आहे, संगीत मोठे आहे, गाडी लावायला आठनंतर जागा मिळत नाही. वाढपी नम्र आहेत, परंतु मासळी कुठून आणि कधी आली हे त्यांना स्वयंपाकघराने खरे सांगितलेले नसते. व्यवस्थापकांना मी जुलैच्या सुरमईविषयी सांगितले तेव्हा त्यांनी बिलातून ती रक्कम कमी करण्याची तयारी दाखवली. मी ती घेतली नाही, मात्र बंदीच्या दोन महिन्यांत हा पदार्थ पानावरून काढावा असे सुचवले. तो काढला की नाही हे पुढच्या जूनमध्ये कळेल.

तोवर जाणाऱ्यांनी कुलचा, टूना आणि अँकोव्ही निःशंक मागवावेत. सुरमई किंवा पापलेट खायचे मनात असल्यास, तोच मासा चीजशिवाय तव्यावर भाजून मिळेल का, हे आधी विचारावे आणि वाढपी आत विचारायला गेला तर कुलचा मागवावा.